टँकमधला दादा: सिक्लिडची मारामारी आटोक्यात कशी ठेवायची

सिक्लिड (हद्दीवरून भांडणाऱ्या माशांचं एक कुळ) पाळायचे म्हणजे थोडी धावपळ, थोडी ढकलाढकली बघायची तयारी हवी. ज्यांना ती बघवत नाही त्यांनी खुशाल गप्पी किंवा मॉली पाळावेत. मारामारी कायमची बंद होईल असा उपाय नाही, आणि कुणी तशी बाटली दाखवत असेल तर ती दुकानातच राहू द्या. आपल्याला एवढंच साधायचं असतं की कुणाचा जीव जाऊ नये आणि एकाच माशाला सतत मार बसू नये. हे मात्र नवख्यालाही जमतं.

हे मासे का भांडतात ते आधी समजून घेतलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. आपल्याकडे ‘आफ्रिकन’ म्हणून विकले जाणारे बरेचसे रंगीत सिक्लिड मूळचे मलावी सरोवरातले. साडेपाचशे किलोमीटरहून लांब असं हे सरोवर मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये पसरलं आहे. त्याच्या खडकाळ काठालगत राहणाऱ्या माशांना तिथले लोक म्बुना म्हणतात. म्बुना नराचा इलाका म्हणजे एखादा मोठा दगड आणि त्याच्या भोवतीची जागा. शेजारचा नर हद्दीत आला की हा अंगावर धावतो, तो दोन-तीन मीटर पळतो, विषय संपला. घरातल्या टँकमध्ये पळायला तेवढी जागाच नसते. पळालेला मासा काचेपाशी अडतो आणि फिरून त्याच नराच्या तोंडासमोर येतो. नराच्या दृष्टीने पाहुणा अजून गेलेलाच नाही, म्हणून मार सुरूच राहतो. सरोवरात चार सेकंदांत मिटणारं भांडण टँकमध्ये चार दिवस चालतं ते यामुळे.

म्हणजे आपली कामं दोन. हरलेल्या माशाला नजरेआड व्हायला जागा करून द्यायची आणि मारणाऱ्याचं लक्ष एकावरून अनेकांवर वाटायचं. पुढचं जवळजवळ सगळं या दोनांतच येतं.

पायरी १: आपल्याकडे नेमकं कोण आहे ते ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग एकाचं औषध दुसऱ्याला देतात. म्बुनांना जो उपाय लागू पडतो तो अमेरिकन सिक्लिडवर उलटू शकतो, म्हणून आधी गट पक्का करा.

पहिला गट म्हणजे मलावीचे म्बुना: यलो लॅब, ऑराटस, केनी, डेमासोनी, सौलोसी, रस्टी वगैरे. बोटाएवढे, चटकदार रंगांचे, दिवसभर दगडांत घुसाघुस करणारे. दुसरा गट मलावीचेच पीकॉक आणि हॅप. हे मोकळ्या पाण्यात फिरतात आणि स्वभावाने म्बुनांपेक्षा मऊ असतात, त्यामुळे म्बुनांबरोबर ठेवले की बहुतेक वेळा तेच मार खातात. तिसरा गट मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले दांडगे: कन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी, ग्रीन टेरर, ऑस्कर, रेड डेव्हिल. जॅक डेम्प्सी हे नाव एका अमेरिकन मुष्टियोद्ध्याचं, यातच काय ते आलं. चौथा गट एंजल, रॅम, डिस्कस यांचा. एंजल हा सिक्लिड आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, आणि निऑन टेट्राच्या टँकमध्ये एंजलची जोडी जमून एक कोपरा बळकावते तेव्हा धक्का बसतो. फ्लॉवरहॉर्नचं प्रकरण वेगळंच, त्याच्याकडे शेवटी येऊ.

दुकानात ‘असॉर्टेड आफ्रिकन’ किंवा ‘मिक्स सिक्लिड’ लिहिलेल्या टँकमधून डोळे मिटून उचलू नका. त्यात दीड-दोन इंचांची पिल्लं असतात. तेव्हा सगळीच गोंडस दिसतात आणि सगळीच शांत असतात. ऑराटसचं पिल्लू सोनेरी अंगावर काळे पट्टे असं फार देखणं असतं, म्हणून ते हमखास घरी येतं. नर मोठा झाला की अंगाने काळपट होतो, पट्टे फिके होतात, आणि चार फुटी टँक त्याला एकट्यालाच पुरेनासा होतो. केनीचं उलट: पिल्लं आणि माद्या निळसर, नर मोठा होताना पिवळा होत जातो. निळा मासा पिवळा पडला म्हणून लोक औषध घालतात. तो आजारी नसतो, वयात आलेला असतो, आणि थोड्याच दिवसांत टँकभर दादागिरी सुरू करतो. नवख्याने या दोन जातींच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. यलो लॅब, रस्टी, अ‍ॅसी या म्बुनांमधल्या त्यातल्या त्यात समजूतदार जाती, सुरुवात त्यांच्यापासून करा.

पायरी २: वीस मिनिटं नुसतं बघत बसा

काहीही हलवण्यापूर्वी खुर्ची ओढून टँकसमोर बसा. खाणं घालायच्या आधीची वेळ निवडा, कारण खाण्याच्या गडबडीत सगळेच एकमेकांवर धावतात. पहिली पाच मिनिटं मासे तुमच्याकडेच बघत असतात, ती सोडून द्या.

मग दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे कोण धावतो, कुणावर आणि कुठपर्यंत. नर आपल्या दगडापासून हातभर धावून परत फिरत असेल तर तो हद्द राखतोय, ते चालायचंच. तोच नर अख्ख्या टँकभर एकाच माशाचा पिच्छा पुरवत असेल तर त्यात लक्ष घालावं लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे हरणारा कुठे आहे. तो हमखास वरच्या कोपऱ्यात सापडतो: हीटरच्या मागे किंवा फिल्टरच्या पाइपला चिकटून, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावल्यासारखा तिरका उभा. पर मिटलेले, रंग उतरलेला, शेपटीची कड कुरतडलेली. खायला घातलं तरी खाली येत नाही, किंवा एक दाणा झटक्यात उचलून परत कोपरा गाठतो. असा मासा ‘लाजाळू’ नसतो, तो मार खाऊन तिथे जाऊन बसलेला असतो. दिवसेंदिवस असाच राहिला तर जखमांपेक्षा ताणाने आणि उपासमारीनेच मरतो.

समोरासमोरची लढत दिसायला भयंकर असते, पण ती सहसा इतकी वाईट नसते. दोन नर शेजारी शेजारी थरथरतात, पर ताठ करतात, गालफडं फुगवतात, शेपटीने एकमेकांवर पाणी मारतात. मग तोंडात तोंड अडकवून ओढाताण होते, कधी मिनिटभर चालते. शेवटी एकजण रंग टाकून बाजूला होतो. अशा वेळी जाळी घेऊन मध्ये पडू नका. कोण वरचढ हे ठरलं की दोघंही पुष्कळदा निवळतात. तुम्ही अर्ध्यात सोडवलंत तर उद्या परत पहिल्यापासून. मात्र हरलेला बाजूला झाल्यावरही मार थांबत नसेल तर हात घालायलाच हवा.

पायरी ३: जखमी मासा असेल तर आधी त्याला बाहेर काढा

पर फाटलेत, खवले उडालेत, डोळ्याला लागलंय असा मासा दिसला तर बाकीची कारणं नंतर शोधा. स्पंज फिल्टर लावलेला दीड-दोन फुटांचा सुटा टँक सिक्लिडवाल्याकडे असायलाच हवा. तो नसेल तर प्लास्टिकचा मोठा टब आणि एअर पंप चालेल. पाणी मूळ टँकमधलंच घ्या. दहा लिटरला चहाचा एक चमचा या हिशेबाने खडे मीठ विरघळवून घाला, वर झाकण ठेवा, उजेड कमी करा आणि दोन दिवस त्याला एकटं सोडा. शेपटीचा फाटलेला पर स्वच्छ पाण्यात आपोआप भरून येतो. कडा पांढऱ्या पडायला लागल्या किंवा कापूस चिकटल्यासारखं दिसलं तरच औषधाकडे वळा.

सुटा टँक नसेल तर त्याच टँकचे दोन भाग करणारी उभी जाळी लावता येते. पाणी आरपार जाईल अशी प्लास्टिकची चौकटी जाळी काचेच्या मापाने कापायची आणि वरखाली एक बोटही फट राहणार नाही अशी घट्ट बसवायची. सिक्लिड फट शोधतातच.

माझं म्हणाल तर शक्य असेल तेव्हा मार खाणाऱ्याऐवजी मारणाऱ्याला बाहेर काढा. बळी काढलात तर दादा दुसरा बळी शोधतो. दादालाच आठ-पंधरा दिवस वेगळं ठेवलं तर तेवढ्यात बाकीच्यांची हद्दवाटणी नव्याने होते, त्याचा दगड दुसरा कुणीतरी घेतो, आणि परत आल्यावर तोच पाहुणा ठरतो. कधीकधी तो नसताना दोन नंबरचा दादा होऊन बसतो, तेव्हा फार चकित होऊ नका.

पायरी ४: टँकचं माप आणि दगडांची मांडणी

सिक्लिडच्या बाबतीत उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण हद्द तळावर आखली जाते. दिवाणखान्यात शोभतो म्हणून घेतलेला उंच, अरुंद टँक म्बुनांना निरुपयोगी. २ बाय १ बाय १ फुटांच्या टँकमध्ये जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं. त्यात म्बुना ठेवूच नयेत. ४ बाय दीड बाय दीड फूट म्हणजे काठोकाठ सुमारे २५५ लिटर. म्बुनांसाठी इथून सुरुवात. ३ फुटी टँक आधीच घरात असेल तर त्यात एकाच शांत जातीचा गट ठेवा आणि मिसळामिसळीचा नाद सोडा.

आता दगड. म्बुनांच्या टँकमध्ये सजावटीपुरते चार दगड मध्यभागी रचले की तिथे एक राजवाडा तयार होतो, आणि राजवाड्याला राजा एकच. रास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरवा, दोन-तीन ठिकाणी वर चढवत न्या, मध्ये मोकळ्या गल्ल्या ठेवा. तपासायची सोपी पद्धत अशी: डोळे टँकच्या एका टोकाच्या काचेला लावा आणि आडवं बघा. दुसरं टोक सरळ दिसत असेल तर माशालाही दिसतंय. मध्ये दगड आणा. दिसला नाही की पाठलाग तिथेच तुटतो.

कपारी माशांपेक्षा जास्त हव्यात आणि प्रत्येक कपारीला दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाची गुहा म्हणजे हरलेल्यासाठी पिंजरा. दादा तोंडाशी उभा राहतो आणि आतला बाहेर पडू शकत नाही. आपल्याकडचा काळा दगड यासाठी उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. पांढरट चुनखडीचा दगड असेल तर त्यावर व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं तर तो पाण्याचा पीएच, म्हणजे क्षारीपणाचं माप, वाढवणार. मलावीच्या माशांना ते चालतं, रॅम-डिस्कसला नाही. न रंगवलेल्या मातीच्या कुंड्या आडव्या ठेवून आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे वापरूनही स्वस्तात काम होतं. दिसायला यथातथाच, पण माशांची तक्रार नसते.

एक काळजी घ्या. दगड आधी तळावर टेकवायचे, खाली थर्माकोलची पातळ शीट, आणि वाळू नंतर ओतायची. हे मासे वाळू उपसतात. वाळूवर रचलेली रास एके रात्री काचेवर कोसळली तर भांडणाचा प्रश्न टँकसकट सुटेल.

पीकॉक आणि हॅप ठेवणाऱ्यांनी मात्र याच्या उलट जायला हरकत नाही. नुसते नर ठेवायचे असतील तर दगड मोजके ठेवा. राखण्यासारखी जागाच नसली की हद्दीची भांडणं कमी होतात.

पायरी ५: संख्या आणि नर-माद्यांचं प्रमाण

नवखा माणूस सहसा विचार करतो की भांडतात म्हणजे गर्दी झाली, मासे कमी करूया. म्बुनांच्या बाबतीत हे अंगाशी येतं. पाच-सहा मासे असतील तर दादा प्रत्येकाला ओळखून असतो आणि सगळ्यात दुबळ्याला धरतो. तेच चार फुटी टँकमध्ये वीसेक मासे असले की एकाचा पाठलाग करताना मध्ये दुसरा येतो, मग तिसरा, आणि राग वाटला जातो. कुणालाच जीवघेणा मार बसत नाही.

ही गर्दी फुकट मात्र मिळत नाही. वीस म्बुनांची घाण काढायला टँकमधलं पाणी तासाला सहा-आठ वेळा फिरवणारा फिल्टर हवा आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलायला हवं. त्यात आपल्याकडची वीज. गर्दीच्या टँकमध्ये दोन-तीन तास हवा बंद पडली तर मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणून ठेवा, मगच संख्या वाढवा. नवीन टँकमध्ये फिल्टर मुरायच्या (त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढायच्या) आत वीस मासे एकदम सोडणं हा तर सरळ खून आहे. घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढून मरतील, आणि दोष मारामारीवर जाईल.

नर-माद्यांचं प्रमाण एका नराला तीन-चार माद्या असं ठेवा. एक नर आणि एक मादी ही ‘जोडी’ म्बुनांत कामाची नाही. नर त्या एकटीला दिवसभर हाकलत राहतो. पिल्लांत नर-मादी ओळखता येत नाहीत, त्यामुळे एका जातीची सहा-आठ पिल्लं घ्यायची, वाढवायची आणि जास्तीचे नर नंतर काढायचे, हाच व्यवहारी मार्ग. सौलोसीत हे सोपं जातं, कारण मोठे झाल्यावर नर निळे-काळे पट्टेदार आणि माद्या पिवळ्या-केशरी. डेमासोनीत नर-मादी दोघंही सारखेच निळे पट्टेदार, म्हणून प्रत्येकाला प्रत्येकजण प्रतिस्पर्धी वाटतो. तो ठेवायचा तर बारा-पंधरांचा घोळका ठेवा. तीन-चार ठेवलेत तर काही महिन्यांत एकच उरेल.

रंगाचं हेच तत्त्व वेगवेगळ्या जातींनाही लागू. नराला सगळ्यात जास्त खुपतो तो आपल्यासारखा दिसणारा. दोन निळ्या पट्टेदार जाती एकत्र नकोत, दोन पिवळ्या जाती एकत्र नकोत. त्यात दिसायला सारख्या जातींचा संकर होतो आणि पिल्लं ना धड इकडची ना तिकडची.

पायरी ६: नवा मासा सोडताना

बहुतेक मृत्यू इथे होतात. जुन्या टँकमध्ये एकटा नवा मासा सोडणं म्हणजे त्याला सगळ्यांच्या तोंडी देणं. भरलेल्या लोकलमध्ये नवा माणूस चढला की दारातले त्याला ढकलतात. पण अख्ख्या डब्याला उतरवून पुन्हा चढवलं तर जुना कोण आणि नवा कोण? टँकमध्ये तेच करायचं. म्हणून क्रम असा ठेवा:

- नवे मासे आधी दोन-तीन आठवडे सुट्या टँकमध्ये ठेवा. रोग आहे का ते कळतं आणि दुकानातून दमून आलेले मासे सावरतात.
- एकट्याला सोडू नका, निदान तीन-चार एकदम सोडा. आकाराने टँकमधल्या माशांच्या बरोबरीचे घ्या. दीड इंची पिल्लं चार इंची माशांत टाकू नका.
- सोडायच्या दिवशी सगळे दगड काढून नव्या जागी रचा. सगळ्यांच्याच हद्दी पुसल्या जातात.
- जुन्यांना पोटभर खायला घाला, दिवा बंद करा आणि मग नव्यांना सोडा. दिवा दुसऱ्या दिवशीच लावा.
- सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे वरचे कोपरे तपासणं.

दगड हलवण्याची युक्ती एरवीही चालते, पण दर आठवड्याला नको. सतत घर मोडलं तर सगळेच बिथरलेले राहतात.

पायरी ७: खाणं, पाणी, ऊन

म्बुना दगडावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खाणारे. त्यांना स्पिरुलिना (निळं-हिरवं शेवाळ) असलेले दाणे, अधूनमधून उकडलेला पालक किंवा सोललेला मटार द्या. ब्लडवर्मची (लाल अळ्यांची) चैन त्यांना नको; पोट फुगून मरू शकतात, आणि त्या दुखण्यावर खात्रीचं औषध नाही. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागा आणि टँकच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका. एकाच कोपऱ्यात टाकलंत तर दादा तो कोपरा धरून बसतो आणि बाकीचे उपाशी.

पाणी म्हणाल तर मलावीच्या माशांना पीएच साधारण ७.८ ते ८.५ आणि जड, म्हणजे विरघळलेले क्षार जास्त असलेलं, पाणी लागतं. बोअरचं जे पाणी आपण पिण्यासाठी नाकारतो ते यांना बऱ्याचदा मानवतं. नळाचं पाणी मऊ असेल तर फिल्टरमध्ये प्रवाळाचे किंवा शिंपल्यांचे तुकडे ठेवा, आणि क्लोरीनचा बंदोबस्त केल्याशिवाय नळाचं पाणी कधीच ओतू नका. तापमान २४ ते २८ अंश. पाणी जितकं गरम तितके मासे चपळ आणि चिडके, शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. नागपूर-संभाजीनगरकडे उन्हाळ्यात टँक सहज ३१-३२ अंशांवर जातो आणि मारामारी वाढते. हीटर काढून घ्या, झाकण उघडून जाळी ठेवा, पाण्यावर छोटा पंखा फिरवा. दोन-तीन अंश उतरतात. दिवा दिवसाला सात-आठ तास पुरे. रात्री बारापर्यंत झगझगीत दिवा म्हणजे माशांची ओव्हरटाइम ड्यूटी.

पायरी ८: अंडी आणि पिल्लं आली की

म्बुना मादी अंडी तोंडात सांभाळते. हनुवटीखाली पिशवी आल्यासारखी दिसते, खाणं जवळपास बंद होतं, आणि तीनेक आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात. या काळात नर मागे लागला तर ती अंडी गिळते किंवा थुंकते. तिला सांभाळून सुट्या टँकमध्ये न्या, आणि पिल्लं सोडल्यावर चार-पाच दिवस खाऊपिऊ घालून मगच परत आणा. उपाशी, अशक्त मादीला थेट दादासमोर सोडणं क्रूरपणाचं आहे.

कन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी, एंजल यांची तऱ्हा वेगळी. हे जोडी जमवतात, दगडावर किंवा पानावर अंडी घालतात आणि नर-मादी मिळून राखण करतात. आपल्या कोकण-गोव्यातला काळुंदर, म्हणजेच केरळचा करीमीन, हाही सिक्लिडच, आणि तोही असाच जोडीने पिल्लं राखतो. चार इंचांची कन्व्हिक्टची जोडी पिल्लांसाठी दुप्पट आकाराच्या माशाला कोपऱ्यात कोंडते. इथे दगड हलवून, गर्दी वाढवून काही होत नाही, उलट चिडतात. जोडीला वेगळा टँक द्या. एंजलची सहा पिल्लं एकत्र वाढवली असतील तर जोडी जमेल तशी ती उचलून बाजूला काढा.

अमेरिकन दांडग्यांसाठी वेगळा हिशेब

म्बुनांचा गर्दीचा उपाय इथे विसरा. ऑस्कर फूटभर होतो, रेड डेव्हिलही तेवढाच. त्यांना कमी मासे आणि भरपूर जागा लागते. ऑस्करच्या तोंडात मावेल ते सगळं ऑस्करचं अन्न. त्याने निऑन गिळले ही मारामारी नव्हे, जेवण आहे. अशा टँकमध्ये वरच्या थरात जायंट डॅनिओ किंवा सिल्व्हर डॉलरचा थवा सोडला तर उपयोग होतो. ते चपळ असल्याने सापडत नाहीत, सिक्लिडचं लक्ष विभागलं जातं, आणि ते मोकळेपणाने फिरताना दिसले की खालच्या बुजऱ्या माशांनाही धोका नाही असं वाटतं. आपल्या पश्चिम घाटातला मलबार डॅनिओ जायंट डॅनिओच्याच कुळातला आणि या कामाला उत्तम.

फ्लॉवरहॉर्न हा माणसाने केलेला संकर, १९९० च्या दशकात मलेशियात तयार झालेला. डोक्यावरचा उंचवटा आणि अंगावरची अक्षरांसारखी नक्षी शुभ मानून लोक घेतात. शुभ असो नसो, तो एकटाच ठेवायचा. चार फुटी टँक, तळ मोकळा, फिल्टर दणकट. सोबत म्हणून दुसरा मासा देऊ नका, तो उरणार नाही. आरसा दाखवून फुलवायचा असेल तर दिवसाला दोन-चार मिनिटं पुरेत. आरसा कायम लावून ठेवणं म्हणजे कधीच न हरणारा शत्रू समोर उभा करणं.

काहीच जमलं नाही तर

दगड हलवले, संख्या जुळवली, दादाला पंधरा दिवस कोंडलं, तरी तो सुधारत नाही. असे नर असतात. त्याला दुसरं घर शोधा. बरेच दुकानदार मोठा मासा बदल्यात घेतात, पैसे फारसे मिळत नाहीत. शहरातल्या दुसऱ्या सिक्लिडवाल्याला दिला तर जास्त चांगलं.

तळ्यात, विहिरीत, नदीत मात्र सोडू नका. चिलापी हाही आफ्रिकेतला सिक्लिड. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि आज उजनीच्या जाळ्यात काय सापडतं ते भिगवणच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. तुमचा कन्व्हिक्ट विहिरीत जगला तर तिथले देशी मासे जगणार नाहीत.

दादाला पकडण्यासाठी भरल्या टँकमध्ये जाळी फिरवत बसलात तर तास जाईल आणि बाकीचे मासे घाबरून आपटतील. पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आणा, एका बाजूचे दगड काढा, मग दोन जाळ्यांनी घेरा. सिक्लिडच्या पाठीचे काटे बारीक जाळीत अडकतात, त्यामुळे जाळी जाड विणीची घ्या किंवा शेवटी प्लास्टिकच्या भांड्यात हुसकावून उचला. द्यायच्या आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा, म्हणजे पिशवीतलं पाणी खराब होत नाही. पिशवी दुहेरी घ्या, खालचे कोपरे टेपने दुमडा म्हणजे मासा त्यात अडकत नाही, एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा, वर वर्तमानपत्र गुंडाळून अंधार करा. आणि एका पिशवीत एकच मासा. दोन सिक्लिड एकत्र बांधलेत तर पोचेपर्यंत एकच शाबूत असेल.